गेजवरचे पौंड आणि कागदावरचा रेशो: बुलेट ३५० च्या प्रकल्प नोंदी

इंजिन: कास्ट आयर्न बुलेट ३५०, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ९० मि.मी., मिकार्ब व्हीएम २४ कार्ब्युरेटर, पॉइंट इग्निशन, किक स्टार्ट.
जागा: नागपूर, हिंगणा रोडवरची शेड.
तक्रार: किक हलकी लागते, आयडलिंग टिकत नाही, डबल सीट रामटेकचा गड चढताना दुसऱ्या गिअरवर यावं लागतं.

३ मे

गाडी सहा किलोमीटर फिरवून आणली आणि इंजिन गरम असतानाच प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, मोजायचा गेज लावला. पेट्रोलचा नळ बंद, चावी बंद, चोक उघडा, थ्रॉटल शेवटपर्यंत ओढलेला. याला दोन माणसं लागतात. एकजण किक मारतो, दुसरा थ्रॉटल धरून आकडे लिहितो. एकट्याने केलं की थ्रॉटल नकळत सैल सुटतो आणि आकडा पडतो.

किकागणिक आकडे: ४२, ५८, ६७, ७३, ७७, ७८, ७८ पौंड. तीन वेळा केलं. ७८, ७७, ७८. थ्रॉटल बंद ठेवून मुद्दाम एकदा पाहिलं तर ५५ च्या वर काटा जाईना. कार्ब्युरेटरचा स्लाइड खाली असेल तर सिलिंडरमध्ये हवाच पुरी शिरत नाही. "कॉम्प्रेशन संपलं" म्हणून शेडमध्ये येणाऱ्या गाड्यांत अशा बंद थ्रॉटलच्या मापाच्या बऱ्याच असतात.

७८ पौंड (दर चौरस इंचावर) म्हणजे साडेपाच किलो (दर चौरस सें.मी.वर). हे कमी आहे असं सगळेच म्हणतात. किती हवं होतं, याचं उत्तर मात्र कुणी "रेशो गुणिले १४.७" (कॉम्प्रेशन रेशो गुणिले समुद्रकाठचा हवेचा दाब) असं देतं, कुणी शेजारच्या गाडीचा आकडा सांगतं. बोअरिंगचा खर्च सांगण्याआधी या इंजिनाचा स्वतःचा आकडा काढायचा, असं ठरलं.

४ मे

गेजची तपासणी. कॉम्प्रेसरच्या लाइनवर दुसऱ्या गेजशी जोडून ६०, ८०, १०० आणि १२० पौंडांवर ताडून पाहिला. एका पौंडाच्या आत जुळला.

नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह कुठे आहे, तेही पाहिलं. आपल्या गेजमध्ये तो प्लगच्या आट्यांच्या टोकाशी आहे, आणि तो तिथेच हवा. बाजारात काही गेज असे मिळतात की व्हॉल्व्ह मीटरच्या बुडाशी असतो. मग आख्खी नळी कम्बशन चेंबरचा, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याच्यावर उरणाऱ्या जागेचा, भाग बनते. ३० सें.मी. लांब, आतून ५ मि.मी. रुंद नळीत जवळपास ६ सीसी हवा मावते. बुलेटला त्याने दहाएक पौंड कमी दिसतात. ९७.२ सीसीच्या स्प्लेंडरला मात्र हा घोटाळा फार मोठा: रेशो ९ धरला तर तिचं चेंबर १२ सीसीच्या आसपास, त्यात ६ सीसी नळीचे मिळवले की ९ चा रेशो गेजपुरता ६.४ होतो. इंजिन धडधाकट आणि गेज सांगतो की गेलं. लहान गाड्यांना असा गेज लावूच नये.

प्लगच्या जागी बसणारा नग प्लगच्या आट्यांएवढाच लांब असावा. जास्त लांब असला तर आत डोकावतो, आखूड असला तर वरचे आटे मोकळे राहून तेवढी जागा वाढते.

६ मे

चेंबरची जागा मोजली. हेड (सिलिंडरवरचं झाकण) वेगळं मोजून त्यात गॅसकेटची जाडी, पिस्टनचा माथा असे तुकडे जोडत बसण्यापेक्षा बंद इंजिनावरच मोजलेलं बरं. सगळे तुकडे आपोआप आत येतात.

पद्धत: कॉम्प्रेशन स्ट्रोकवर पिस्टन वरच्या टोकाला आणला. गाडी कलती करून प्लगचं भोक सरळ आभाळाकडे केलं, नाहीतर आत हवेचा फुगा अडकतो. सीताबर्डीतून आणलेल्या ५० सीसीच्या काचेच्या ब्युरेटने अर्धं रॉकेल, अर्धं इंजिन ऑइल असं मिश्रण भोकाच्या काठापर्यंत भरलं. नुसतं रॉकेल पिस्टनच्या रिंगांवरून झिरपतं, नुसतं ऑइल फुगे धरतं. भरायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लावायची नाहीत. काठावर पातळी खाली सरकताना दिसली तर ते माप बाद.

तीन मापं: ६४.४, ६४.७, ६४.६. प्लगच्या भोकाची जागा १.६ सीसी वजा केली, कारण प्लग लावल्यावर ती भरून जाते. चेंबर ६३ सीसी धरलं.

बोअर आणि स्ट्रोक मिळून ३४६.४ सीसी. त्यात ६३ मिळवून ६३ ने भागलं की ६.५. हा झाला कॉम्प्रेशन रेशो: खालच्या टोकाला किती जागा, वरच्या टोकाला किती जागा, एवढंच. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, हवामान नाही, किक नाही.

मोजून झाल्यावर मिश्रण सिरिंज आणि नळीने काढून घ्यायचं आणि प्लग उघडा ठेवून वीसेक किका मारायच्या. आत द्रव राहिला आणि प्लग लावून किक मारली तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

८ मे

इनलेट (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह नक्की कधी बंद होतो, ते काढलं. या सगळ्या हिशेबातला कळीचा आकडा हाच.

डावीकडचं प्रायमरी कव्हर उतरवलं. ते एकाच नटवर असतं; आतलं ऑइल आधी परातीत काढून घ्यावं. क्रँकच्या टोकाला ३६० अंशांची चकती आणि इंजिनाला तारेचा काटा. वरचं टोक नजरेने ठरवता येत नाही, तिथे पिस्टन बरेच अंश हललाच नाही असं वाटतं. म्हणून प्लगच्या भोकात अडसर घालून पिस्टन दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने टेकवला आणि दोन आकड्यांचा मध्य घेतला.

मग इनलेटवर डायल गेज. टॅपेटचा खेळ आधी बरोबर केला: व्हॉल्व्ह उघडणारा पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली खेळता कामा नये. व्हॉल्व्हची उचल ०.१ मि.मी. उरली तो क्षण "बंद" मानला. क्रँक खालच्या टोकाच्या पुढे ६० अंशांवर होता. दुसऱ्यांदा ५९, तिसऱ्यांदा ६०. हीच खूण १ मि.मी. उचलीवर धरली तर वीसेक अंश आधीचा आकडा येतो. कुठल्याही कॅमच्या (व्हॉल्व्हची उघडमिट ठरवणारा भाग) कागदावर अंश वाचताना ते कोणत्या उचलीवरचे आहेत हे पाहिल्याशिवाय वापरू नयेत. किकच्या संथ गतीला हवा सीटच्या बारीक फटीतूनही परत जायला वेळ असतो, म्हणून इथे ०.१ चाच आकडा खरा.

९ मे

हिशेबाचा दिवस.

पिस्टन खालून वर निघतो तेव्हा इनलेट अजून उघडा असतो. पहिले ६० अंश पिस्टन हवा दाबत नाही, आलेल्यातली थोडी कार्ब्युरेटरकडे परत ढकलतो. इंजिन वेगात असताना आत येणाऱ्या हवेला स्वतःचा जोर असतो, ती उलट्या पिस्टनलाही दाद न देता आत शिरत राहते, म्हणून व्हॉल्व्ह उशिरा मिटवलेला असतो. किक मारताना तो जोर नसतो. गेजपुरता स्ट्रोक व्हॉल्व्ह मिटल्यावर सुरू होतो.

रॉडची लांबी १७५ मि.मी. धरली तर त्या क्षणी पिस्टन वरच्या टोकापासून ७१.९ मि.मी. खाली येतो. १७० धरा की १८०, फरक ०.१३ च्या वर जात नाही, त्यामुळे इथे रॉड काढून मोजायची गरज नाही. ९० चा स्ट्रोक कामापुरता ७२ चा राहिला. जागा २७७ सीसी. त्यात ६३ मिळवून ६३ ने भागलं की ५.४. कागदावर ६.५, गेजच्या वाट्याला ५.४.

आता दाब. हवा दाबली की तापते आणि तापली की दाब जागेच्या प्रमाणापेक्षा जास्त वाढतो. सगळी उष्णता हवेतच राहिली असती तर ५.४ चा १.४ वा घात घ्यावा लागला असता. सगळी भिंतींत गेली असती तर घात १. किकच्या गतीला, गरम इंजिनात, तो १.२ ते १.३ च्या मध्ये पडतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, म्हणून बाहेरचा दाब १४.७ ऐवजी १४.१ पौंड धरला. घात १.२५ घेतला तर ५.४ चे ८.२३ होतात, गुणिले १४.१ म्हणजे ११६. गेज बाहेरच्या हवेला शून्य मानतो, म्हणून १४.१ वजा: १०२ पौंड. १.२ ला ९३, १.३ ला ११२.

म्हणजे या इंजिनाकडून ९३ ते ११२, मधोमध १०२. मिळतात ७८.

"६.५ गुणिले १४.७" केलं तर साडेपंच्याण्णव येतात आणि खऱ्या आकड्याच्या इतके जवळ दिसतात की सूत्र बरोबर वाटतं. त्यात तीन मोठ्या चुका आहेत: व्हॉल्व्ह उशिरा मिटतो हे विसरल्याने आणि बाहेरचा दाब वजा न केल्याने आकडा वर जातो, हवा तापते हे विसरल्याने खाली येतो. त्या एकमेकींना खाऊन टाकतात. कॅम बदलला की पितळ उघडं पडतं. याच इंजिनात इनलेट १५ अंश उशिरा मिटवला तर दाबायला पिस्टनकडे ६२ मि.मी.च उरतात, रेशो गेजपुरता ४.८ आणि आकडा ८६. चेंबर तेच, ६.५ तोच, रिंगा त्याच, आणि १६ पौंड गायब. वेगाचा कॅम टाकलेल्या गाडीला "कॉम्प्रेशन बसलं" म्हणायचं नाही. उलट कॅम पुढे सरकला असेल तर गेज खुशाल जास्त दाखवील आणि गाडी वरच्या वेगात दम टाकील. टायमिंग गिअरच्या खुणा जुळवताना एक दात इकडेतिकडे झाला की हेच होतं. म्हणून गेजचा आकडा विचित्र आला तर बोअर मोजण्याआधी चकती लावावी.

१० मे

शेडमध्ये ४१ अंश. उन्हाळ्यात हवा पातळ असते म्हणून गेज कमी दाखवतो, असं इकडे सर्रास बोललं जातं. तसं होत नाही. गरम हवेत ऑक्सिजन कमी असतो, ताकद थोडी कमी मिळते, हे खरं. पण गेजला सुरुवातीचा दाब आणि जागेचं प्रमाण एवढंच कळतं, आणि ते उन्हाने फारसं बदलत नाही. बदलतो तो सुरुवातीचा दाब, उंचीने. हेच इंजिन समुद्रकाठी १०६ दाखवील आणि चिखलदऱ्याला, सुमारे ११०० मीटरवर, ९३. मुंबईच्या गाडीचा आकडा नागपूरच्या गाडीला लावताना हे चार पौंड सोडून द्यावेत.

११ मे

ओली चाचणी. प्लगच्या भोकातून ऑइल टाकून पुन्हा गेज लावायचा. आकडा चढला तर रिंगा गळतात, नाही चढला तर व्हॉल्व्ह, असा नेम. नेम बरोबर आहे, ऑइल किती टाकायचं तिथे गाडी अडते. ऑइल दबत नाही, ते चेंबरमधली जागा खातं. या इंजिनात १० सीसी, म्हणजे साधारण बाटलीचं एक झाकण ऑइल टाकलं तर ६३ ची जागा ५३ होते आणि रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी आकडा १०२ वरून १२५ वर जातो. तेवीस पौंड नुसत्या जागेचे. ते पाहून बोअरिंगचं बिल फाटतं. स्प्लेंडरमध्ये ५ सीसी टाकलं तर ९ चा रेशो साडेचौदाच्या वर जाईल. तिथे एक सीसीच्या वर जाऊ नये.

सिरिंजने मोजून ३ सीसी टाकलं, तीन-चार किका मारून पसरू दिलं, मग माप घेतलं: ८३. पाच पौंड चढले. ३ सीसी जागेने सहाएक पौंड चढायलाच हवे होते. रिंगांच्या वाट्याला काही उरलं नाही.

किकागणिक आकड्यांचीही साक्ष याच बाजूची. रिंगा गळत असतील तर पहिला आकडा लहान येतो आणि प्रत्येक किकेला तो रेटत वर जात राहतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिला लहान येतो आणि लवकरच एका जागी अडकतो, पुढे कितीही किका मारा. इथे ७८ वर अडकला.

१३ मे

हवा भरून पाहिलं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, गाडी चौथ्या गिअरमध्ये, मागचा ब्रेक दाबून बांधलेला. गेजच्या नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह काढून कॉम्प्रेसरमधून ४० पौंड हवा आत सोडली. किकच्या दांड्यासमोर कुणी उभं राहू नये. पिस्टन टोकापासून जरा जरी सरकलेला असला तरी हवा त्याला खाली फेकते.

कान तीन जागी: कार्ब्युरेटरचं तोंड, सायलेन्सरचं तोंड, क्रँककेसच्या ब्रीदरची नळी. कार्ब्युरेटर शांत, ब्रीदरला अगदी बारीक श्वास (एवढा कुठल्याही चांगल्या इंजिनाला असतोच), सायलेन्सरला स्पष्ट फुसफुस.

सायलेन्सर म्हटलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, असं लगेच लिहून टाकू नये. या हेडमध्ये डिकॉम्प्रेसरही आहे (लिव्हर ओढली की सिलिंडरमधला दाब एक्झॉस्टकडे सोडणारा छोटा व्हॉल्व्ह). त्याची केबल पाहिली: हँडलवरच्या लिव्हरला ढील शून्य, हँडल वळवलं की केबल आणखी ताणली जाते. केबल ३ मि.मी. सैल केली, गेज ८४. मग डिकॉम्प्रेसर उतरवून त्याच आट्यांचा आंधळा बोल्ट तांब्याच्या वायसरसह बसवला, गेज ९१. सातएक पौंड त्याच्या सीटचे. काढलेल्या सीटवर अर्ध्या घेरात काळी रेघ, उरलेल्या अर्ध्यात चकचकीत. काळ्या बाजूने गॅस जात होता.

बारीक पेस्टने घासून सीट एकसारखी करडी झाली. पेट्रोलने धुऊन, स्प्रिंग बदलून बाजूला ठेवला.

१५ मे

हेड उतरवलं. व्हॉल्व्ह होते त्याच जागी ठेवून पोर्टमध्ये रॉकेल ओतलं आणि पाच मिनिटं थांबलो. इनलेट कोरडा. एक्झॉस्टच्या काठाला मिनिटभरात थेंब. व्हॉल्व्ह काढल्यावर सीटवर पाव घेरात बारीक खड्डे. गाइडमध्ये खेळ फार नव्हता, नाहीतर लॅपिंग (पेस्टने घासून सीटवर बसवणं) फुकट गेलं असतं: डुलणारा व्हॉल्व्ह दर वेळी नव्या जागी बसतो. आधी जाड, मग बारीक पेस्ट, दर दहा-बारा फेऱ्यांनी व्हॉल्व्ह उचलून पाव वळवायचा. सीटचा पट्टा दीड मि.मी. राहिला. रॉकेल पुन्हा, पाच मिनिटं कोरडं.

व्हॉल्व्ह घासून आत बसला की त्याचा दांडा तेवढाच वर येतो आणि टॅपेट घट्ट होतो. हे विसरलं तर आज मिटवलेली गळती उद्या गरम इंजिनावर परत उघडते. चेंबरची जागा मात्र त्याने जेमतेम पाव सीसी वाढते.

हेड निघालंच आहे तर खोलीही मोजली. क्रँक खालच्या टोकापुढे ६० अंशांवर, डेप्थ व्हर्नियरने पिस्टन वरच्या टोकापासून ७२ मि.मी. खाली. कागदावर ७१.९ होतं.

बोअर वर ७०.०९, खाली ७०.०२. वरच्या रिंगचं तोंड ०.५५ मि.मी. उघडं; नव्याला दर १०० मि.मी. बोअरमागे ०.४ या हिशेबाने ०.२८ हवं. झिजलेलं आहे, गळत नाही. बोअरिंग नाही.

पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडमध्ये कडक कार्बन, लाकडी पट्टीने आणि पितळी ब्रशने काढला. पितळच घ्यावं, पोलादी ब्रशचे ओरखडे पुढच्या कार्बनला धरायला जागा देतात.

१७ मे

जोडणी. गॅसकेट आधीच्याच जाडीचं घेतलं. जुनं काढून जाड टाकण्याचा मोह टाळावा: इथे अर्धा मि.मी. म्हणजे १.९ सीसी. डिकॉम्प्रेसर बसवला, केबलला ३ मि.मी. ढील. टॅपेट थंड इंजिनावर, पुशरॉड बोटाने फिरेल एवढे.

चेंबर पुन्हा भरून मोजलं: ६५ सीसी. कार्बनने दोन सीसी जागा व्यापली होती. म्हणजे रेशो ६.५ वरून ६.३३ वर आला, आणि गेजकडून अपेक्षाही उतरली: १०२ च्या जागी ९८, कमीजास्त ८९ ते १०८. कामाआधीचा १०२ डोक्यात धरून बसलो असतो तर नीट झालेल्या इंजिनात चार पौंड शोधत राहिलो असतो.

१८ मे

सहा किलोमीटर चालवून, गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा: ६१, ८०, ८९, ९४, ९६, ९६. रात्रभर थंड होऊ देऊन सकाळी सहाला: ९२. थंड भिंती जास्त उष्णता ओढतात, किकही जड जाते. दोन आकड्यांची तुलना करायची तर दोन्ही गरम घ्यावेत.

३ सीसी ऑइल टाकून: १०२. सहा चढले, तेवढे जागेचेच. रिंगांचा प्रश्न मिटला.

२ जून

३०० कि.मी. नंतर हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा ताणले, टॅपेट तपासले. एक्झॉस्टचा किंचित घट्ट झाला होता, सैल केला. गेज ९७. गड चढताना तिसरा गिअर टिकतो.

टाकीखाली पट्टी लावून लिहिलं: चेंबर ६५ सीसी, इनलेट बंद ६० अंश (०.१ उचल), गरम, पूर्ण थ्रॉटल, सहा किका, नागपूर, ९७ पौंड. डिकॉम्प्रेसर केबल ढील ३ मि.मी.